'नॅनो'ची पदवी की रसायनशास्त्र?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. पाण्यातलं कीटकनाशक रंग बदलून दाखवणाऱ्या सोन्याच्या नॅनोकणांचा व्हिडिओ पाहिल्यापासून राज्याबाहेर जाऊन नॅनोटेक्नॉलॉजीत बीटेक करायचं म्हणते. नोकऱ्या आहेत का? – एक पालक, सावईवेरे (गोवा)

नमस्कार. मुलीची आवड चांगली आहे, दार तेवढं चुकतंय. माझं मत विचाराल तर पदवी रसायनशास्त्राची घ्यावी. 'नॅनो' एमएस्सीला येऊ दे.

सोन्याचे १३ ते २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सुटे कण पाण्यात कोकम सरबतासारखे लाल दिसतात, एकमेकांना चिकटले की जांभळट-निळे. एका पद्धतीत ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम वापरतात. ते ॲसिटिलथायोकोलिन फोडतं, त्यातून सुटलेलं थायोकोलिन कणांना एकत्र आणतं आणि पाणी निळं होतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर एन्झाइम बंद पडतं, पाणी लालच राहतं. म्हणजे इथे रंग न बदलणं हीच धोक्याची खूण!

पण नुसत्या मिठानंही हे कण चिकटतात. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं खारं पाणी घेतलंत तर कीटकनाशक असो-नसो, निळंच. तुमच्याकडे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. ते काही ऑर्गनोफॉस्फेट नव्हे, पण व्हाळात (ओढ्यात) उतरलेलं त्यातलं तांबं चाचणीत लुडबूड करू शकतं. हा गुंता सोडवायला पक्का केमिस्टच लागतो.

नोकरीचं म्हणाल, तर 'नॅनोसेन्सर तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात गोव्यात शोधत बसू नका. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत आणि पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये एचपीएलसी, जीसी-एमएस ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं चालवणारी माणसं लागतात. रंगावरून संशय आला तरी आकडा त्या यंत्रांवरच पक्का होतो. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. नुसत्या डोळ्यांनी तिथवर पोचणं कठीण.

तेव्हा बीएस्सी इथेच, मग गोवा विद्यापीठात किंवा 'जॅम' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. सेन्सर स्वतः घडवायचे तर पुढे पीएचडी आलीच, म्हणजे आणखी पाचेक वर्षं फेलोशिपवर. पैशांचं हे घरात आताच बोलून घ्या.

मात्र तिचा जीव रसायनांपेक्षा रंग मोजणारं उपकरण बनवण्यात रमत असेल, तर बीटेकच बरं, पण इलेक्ट्रॉनिक्सचं. एनआयटी कुंकळ्ळीलाच आहे. जेईईचा फॉर्म भरण्याआधी तिला एवढं विचारा.