पैठणी कपाटात ठेवताना
पैठणी हँगरला लावू नका. जरीच्या पदराचं सगळं वजन एकाच रेषेवर येतं आणि रेशीम तिथेच विरतं. खळ काढलेल्या सुती कापडात एकेक गुंडाळा. कप्प्यात एकावर एक ४ पुरे, जड साडी तळाशी. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. दमट हवा आत कोंडते आणि जरीचं काम काळं पडतं. डांबरगोळ्यांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवा, जरीला लागू देऊ नका.

दर ३ महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि साडी नेमकी जुन्या घडीवरच चिरते. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर मागे २-३ इंच जागा सोडा. पाऊस सरला की पंख्याखाली, सावलीत तासभर पसरा. उन्हात रंग उडतो.