मुहूर्त ठरवण्याआधी टर्मच्या तारखा पाहा

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची लेक येत्या सप्टेंबरात, म्हणजे २०२६ मध्ये, एक वर्षाच्या एमएस्सीसाठी इंग्लंडला लीड्सला निघाली आहे. त्या लिहितात: "विद्यापीठाच्या साइटवरचा टर्मच्या तारखांचा तक्ता आम्ही प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. दिवाळीला दहा दिवस ती येईलच. थोरल्याचं लग्न डिसेंबरात आहे, गुरुजींनी दोन मुहूर्त दिलेत, एक पहिल्या आठवड्यातला आणि एक वीस तारखेनंतरचा. हॉल पहिल्या मुहूर्ताला मिळतोय. मग जून ते ऑगस्ट मोठी सुट्टी, तेव्हा घरी बसूनच प्रबंध लिहील. तिन्ही तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडतील का?"

ताई, नमस्कार.

तिकिटं आत्ता काढू नका. हॉलचा ॲडव्हान्सही दोन दिवस थांबवा. तुम्ही जो तक्ता फ्रिजवर लावलाय तो खोटा नाही, पण तो सगळ्या विद्यापीठाचा आहे, तुमच्या लेकीचा नाही. घरी येण्याची तारीख ठरते ती तिच्या विभागाच्या परीक्षांवरून, असाइनमेंट जमा करण्याच्या तारखांवरून आणि व्हिसाच्या अटींवरून. यातल्या परीक्षेच्या नेमक्या तारखा तर तिकडे गेल्यावर, सेमिस्टर सुरू झाल्यानंतरच हातात येतात.

दिवाळीपासून सुरू करते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्या सुमारास काही विभागांत 'रीडिंग वीक' असतो. त्या आठवड्यात तास नसतात, म्हणून मुलं घरी फोन करून "सुट्टी आहे" असं सांगतात. ती सुट्टी नव्हे. वाचन करायचं, पहिली असाइनमेंट पुरी करायची, यासाठी तो आठवडा मोकळा ठेवलेला असतो, आणि व्हिसाच्या हिशेबात तो टर्ममध्येच धरला जातो. शिवाय अंतर मोजा. लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉसपर्यंत रेल्वेने सव्वादोन तास, तिथून भुयारी रेल्वेने हीथ्रो विमानतळ, मग मुंबईपर्यंत नऊ-दहा तास, आणि मुंबईहून सांगलीची रात्रीची बस. दारातून दारात यायला दीड दिवस जातो. दहा दिवसांतले तीन-चार दिवस प्रवासात आणि झोपेचं गणित जुळवण्यात संपतील, आणि परत जाईल तेव्हा दोन मॉड्यूल, म्हणजे विषय, मागे पडलेले असतील. पहिल्या सेमिस्टरला घरची ओढ सर्वात जास्त असते हे मला ठाऊक आहे, ताई, आणि फोनवर तिचा आवाज जड झालेला ऐकून तुम्हाला किती तुटेल तेही. तरीही माझा सल्ला एकच आहे: या दिवाळीला तिला आणू नका. फराळाचा डबा सप्टेंबरातच बॅगेत द्या, चकली-चिवडा टिकतात. आणि लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे दिवाळीत आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार नाही, साडेपाच तासांचं अंतर असेल. तुमच्या संध्याकाळच्या पूजेच्या वेळी तिच्याकडे दुपार असेल. रविवार असल्यामुळे ती निवांत बसून पूजा पाहू शकेल.

आता लग्न. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे तास चालू असतात. ख्रिसमसची सुट्टी बहुतेक विद्यापीठांत ११ किंवा १८ डिसेंबरच्या शुक्रवारनंतर सुरू होईल. नेमका कोणता शुक्रवार, ते तुमच्या फ्रिजवरच्या तक्त्यातच आहे. तिचा व्हिसा विद्यापीठाने पुरस्कृत केलेला आहे, त्यामुळे हजेरीची नोंद ठेवणं आणि विद्यार्थी गैरहजर राहू लागला तर ते तिथल्या गृहखात्याला कळवणं विद्यापीठावर बंधनकारक असतं. सख्ख्या भावाच्या लग्नासाठी रजा मिळूच शकत नाही असं नाही. पण ती आधी, लेखी मागावी लागते, आणि होकार आल्याशिवाय तिकीट काढायचं नसतं. "आजारी होते" असं सांगून तर कधीच येऊ देऊ नका. म्हणून वीस तारखेनंतरचा मुहूर्त घ्या. हॉल दुसरा मिळेल. नाहीच मिळाला, तर वाड्यासमोर मांडव घाला. करवली म्हणून सख्खी बहीण उभी राहणं हॉलपेक्षा मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं.

वीस तारखेनंतर म्हटलं तरी एक खाचखळगा आहेच. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे पूर्ण बंद असते आणि २६ लाही बहुतेक गाड्या धावत नाहीत. त्यामुळे २३ च्या आत तिचं विमान सुटलेलं बरं. ख्रिसमसपासून नव्या वर्षापर्यंत विद्यापीठाची कार्यालयंही बंद असतात, म्हणून कुठलं पत्र हवं असेल तर ते आधीच घेऊन ठेवायला सांगा.

आणि परतीची तारीख! मुलं चुकतात ती इथेच. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा पुष्कळ विद्यापीठांत जानेवारीत होतात. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या सेमिस्टरची पहिली तारीख पाहून परतीचं तिकीट काढलं होतं. परीक्षा त्याच्या सहा दिवस आधी होती. तारीख बदलायला जी रक्कम गेली, तेवढ्यात त्याचं महिन्याचं घरभाडं निघालं असतं. तेव्हा तिकीट काढताना तारीख बदलता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामानाची सवलत देतात, तीही विचारा.

उन्हाळ्याबद्दल मात्र मला तुम्हाला थोडं निराश करावं लागणार आहे. जून ते सप्टेंबर ही मोठी सुट्टी पदवीच्या मुलांची. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्याची सुट्टी नसते. मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या की डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, सुरू होतं आणि ते साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जमा करायचं असतं. शिकता शिकता करायच्या नोकरीच्या तासांसाठीही हा काळ टर्मच मानला जातो: टर्ममधली आठवड्याला वीस तासांची मर्यादा कायम राहते. ख्रिसमस आणि ईस्टरच्या सुट्टीत ती पूर्णवेळ काम करू शकेल, जुलैत नाही.

"घरी बसून लिहील" हे तर पूर्ण डोक्यातून काढा. शिक्षणानंतर तिकडे राहून नोकरी शोधायची तर 'ग्रॅज्युएट रूट' व्हिसा लागतो, आणि बारा महिन्यांच्या किंवा त्याहून लहान कोर्सला त्याची अट अशी की सगळं शिक्षण ब्रिटनमध्ये राहूनच झालेलं असावं. सुट्टीतल्या फेऱ्या चालतात, पण दोन-तीन महिने सांगलीत बसून प्रबंध लिहिला तर त्या व्हिसावर पाणी सोडावं लागू शकतं. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना हा व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. तेव्हा हातातला कोणताही महिना वाया घालवण्यासारखा नाही.

मग ती निवांत घरी यावी कधी? मला विचाराल तर सप्टेंबर २०२७ मध्ये. गणेश चतुर्थी त्या वर्षी ४ सप्टेंबरला आहे. प्रबंध जमा करण्याची तारीख त्याच्या आसपासच असेल. चतुर्थीला नाही जमलं तर गौरी-विसर्जनाला पोहोचेल, आणि एकदा प्रबंध हातावेगळा झाला की तीन-चार आठवडे डोक्यावर काही नसतं. निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून, निकाल बाकी आहे आणि ती परत येणार आहे, अशा अर्थाचं पत्र घ्यायला सांगा, म्हणजे परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं तर हाताशी असेल. कोर्स बारा महिने किंवा जास्त असेल तर व्हिसा कोर्स संपल्यावर चार महिने चालतो, कमी असेल तर दोनच महिने. हा फरक तिच्या कागदांत आजच तपासा, कारण ग्रॅज्युएट रूटचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, जुना व्हिसा संपण्याआधी, आणि विद्यापीठाने ती उत्तीर्ण झाल्याचं कळवल्यानंतर करायचा असतो. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. २०२७ ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस येतेय, नेमकी याच धावपळीत. त्या दिवाळीचा शब्द तिच्याकडून आत्ताच घेऊ नका.

लहानसं पण महत्त्वाचं: आता व्हिसाचं कार्ड मिळत नाही, तो ऑनलाइन खात्यात असतो आणि पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. पासपोर्ट नवा केला तर खात्यात तो बदलायचा, आणि प्रत्येक प्रवासाआधी खातं उघडून पाहायचं. घरभाड्याचा करार किती आठवड्यांचा आहे तेही बघा. तो ऑगस्टअखेर संपत असेल तर प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात तिला बॅगा घेऊन खोली शोधत फिरावं लागेल.

आता करायचं काय, तर आज लेकीला तिच्या विभागाला एक ईमेल पाठवायला सांगा: शेवटचा तास कोणत्या दिवशी, जानेवारीची परीक्षा कोणत्या तारखांच्या दरम्यान, प्रबंध कधी जमा करायचा. उत्तर आलं की गुरुजींना फोन करा आणि वीस तारखेनंतरचा मुहूर्त पक्का करा. येण्याचं तिकीट तेव्हा काढा. परत जाण्याचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परीक्षेचं वेळापत्रक लागल्यावर.