तेल-गॅसच्या बाजारात नवीन असशील तर आधी हे बघ

आधी एक कर, ‘तेल संपलं’वाले आणि ‘तेलाला मरण नाही’वाले, दोघांनाही म्यूट कर. जगाला रोज साधारण 10 कोटी बॅरल तेल लागतं. 2024 ला विकल्या गेलेल्या दर 5 नव्या गाड्यांत 1 तरी इलेक्ट्रिक होती हे खरंय, पण जुन्या गाड्या काय लगेच भंगारात जात नाहीत, शिवाय विमानं, जहाजं, प्लॅस्टिकचा कच्चा माल हे वेगळंच.

सगळे मागणीच बघत बसतात, तू सप्लाय बघ. विहिरीचं प्रेशर उतरतं, उत्पादन आपोआप घटतं, शेलच्या (म्हणजे घट्ट खडक फोडून तेल काढतात त्या) विहिरीत तर पहिल्याच वर्षी निम्म्याच्या वर, त्यामुळे कंपन्यांनी घाबरून नवीन ड्रिलिंग थांबवलं आणि मागणी तेवढ्या वेगाने उतरलीच नाही तर भाव भडकणार, उलटं झालं तर आपटणार. मागणी हळूहळू घटली म्हणून भावही हळूहळूच उतरेल असं धरून चालू नको.

आणि फ्युचर्सला (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला माल घ्यायचा-द्यायचा करार) एवढ्यात हात लावू नको रे. 20 एप्रिल 2020 ला डब्ल्यूटीआयचा (अमेरिकेतलं मुख्य कच्चं तेल) मे फ्युचर बॅरलला उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, एक्स्पायरी म्हणजे कराराची मुदत तोंडावर आणि हे तेल जिथे ताब्यात घ्यायचं त्या अमेरिकेतल्या कुशिंगच्या टाक्यांत जागा मिळेना, मग माल घ्यायचा कोणी?

गॅसचं गणित निराळं. कोळशाच्या जागी गॅस येतो, पण सोलर आणि बॅटरी स्वस्त झाल्या की त्यालाच धक्का, आणि एलएनजी (थंड करून द्रव केलेला, जहाजाने नेता येणारा गॅस) चढवायचं-उतरवायचं टर्मिनल बांधायला वर्षं जातात. रोजच्या बातम्यांपेक्षा कोणते टर्मिनल कधी सुरू होतायत त्याची यादी आधी काढ.