औष्णिक वीज प्रकल्पांच्या धुरावर कायदा आहे का? असेल तर गावात राखड का पडते?

कायदा आहे. 1981 चा हवेचा कायदा आहेच, वरून डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं औष्णिक केंद्रांसाठी धूळ, सल्फर डायऑक्साइड, पारा सगळ्याच्या मर्यादा ठरवल्या. दोन वर्षांत पाळायच्या होत्या, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक प्रकल्पांना सल्फरच्या मर्यादेतून सूटच देऊन टाकली. पक्की मुदत दिल्लीच्या आसपास आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून 10 किमीच्या आतल्यांना. म्हणजे खेड्यातल्या माणसाची छाती वेगळी असते का? हा सरळ अन्याय आहे.

आमचं वावर अशाच एका प्रकल्पाजवळ आहे. दिवाळीनंतर वारा तिकडून आमच्याकडं फिरतो, नेमकी तेव्हाच पऱ्हाटी फुटलेली असते. पानावर बोट फिरवलं की रेघ उमटते, वेचणाऱ्या बायांचे पदर काळे होतात. मागच्या हंगामात जिनिंगवर माल नेला तर ग्रेडरनं मूठभर कापूस दाबून पाहिला, बोटं झटकली आणि म्हणाला, "राखडीचा माल आहे भाऊ, भाव कमी लागंल." माझ्यापुढं नाल्यापलीकडच्या गावचा माणूस होता, बियाणं तेच, वेचणी तीच, त्याला पूर्ण भाव भेटला. पंचनाम्याला गेलो तर उत्तर भेटलं, गारपिटीची नोंद होते, राखडीची नाही.

आणि आमचे भाऊजी तिथंच ठेकेदाराकडं कामाला. पोळा असो की लग्न, त्यांचं एकच, "चिमणीतून काळा धूर दिसतो का? नाही ना, मग कशाचं प्रदूषण?" अहो सल्फर डायऑक्साइड डोळ्याला दिसतच नाही, हवेत गेल्यावर त्याचेच बारीक कण होतात आणि लांब लांब जातात. वर म्हणतात आपल्या कोळशात सल्फर कमी. ते खरं आहे, सरकारही हेच कारण देते. पण त्याच कोळशात राख 30-40 टक्के असते, ते कोण सांगणार?

म्हणून तुम्ही सल्फरच्या बातमीत अडकू नका, धुळीच्या मर्यादेला सूट भेटलेली नाही. 2004 च्या आधी बसवलेल्या वीजसंचाला घनमीटरला 100 मिलिग्रॅम, 2016 पर्यंतच्याला 50, त्यानंतरच्याला 30. चिमणीचे रीडिंग माहिती अधिकारात मागा, रात्रीचे मुद्दाम मागा, ग्रामसभेचा ठराव जोडा. हां, एक राहिलं, एफजीडी म्हणजे धुरातला सल्फर काढणारं यंत्र बसवलं तरी राखड थांबत नाही, ते काम ईएसपीचं, म्हणजे विजेच्या भारानं राख पकडणाऱ्या यंत्राचं, आणि राख साठवतात त्या बंधाऱ्यावरून उडणारी राखड तर चिमणीच्या रीडिंगमध्ये येतच नाही, तिची तक्रार वेगळी करा.

आणि कोणी "वीज पाहिजे तर राखड सहन करा" म्हणालं तर गप्प बसू नका. वीज सगळ्या राज्याला जाते, राखड आमच्याच वावरात पडते, आणि ओलिताला लाईन आम्हाला रात्री भेटते. भाऊजींना मी हे पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं आहे.