यादी 'इज' की यादी 'आर'?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर इंग्रजीत नोटीस लागली आहे : 'द लिस्ट ऑफ मेंबर'स आर गिव्हन बिलो.' मी म्हटलं, 'इज' हवं. सचिवांचं म्हणणं, सभासद पुष्कळ आहेत, तेव्हा 'आर'च बरोबर. 'मेंबर'नंतरचा तो अपॉस्ट्रॉफीही मला खटकतो. शेवटी 'सोसायटी अँड इट'स रूल्स' असंही आहे. खुलासा कराल का?

'इज'च हवं, आणि दोन्ही अपॉस्ट्रॉफी नकोत. पण सचिवांना 'आर' का लिहावंसं वाटलं, हे नीट बघण्यासारखं आहे.

तेच वाक्य मराठीत म्हणा : 'सभासदांची यादी खाली दिली आहे.' सभासद शंभर असोत, आपण 'दिले आहेत' म्हणत नाही. 'दिली' हे यादीचं क्रियापद. मराठीत ही गफलत सहसा होत नाही, कारण षष्ठीतला शब्द आधी येतो आणि मुख्य शब्द मागून येऊन क्रियापदाच्या जवळ बसतो. शिवाय 'ची' आधीच सांगून ठेवते की पुढे स्त्रीलिंगी नाम येतंय. इंग्रजीतला 'ऑफ' हा क्रम उलटा करतो. 'लिस्ट' पुढे निघून जाते आणि 'मेंबर्स' क्रियापदाला खेटून उभे राहतात. जवळच्या नामाकडे बघायची सवय असलेल्या आपल्या कानाला 'मेंबर्स आर' गोड वाटतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या हातूनही ही चूक होते, आणि दोन शब्दांमधलं अंतर वाढलं की हमखास होते. 'द कंडिशन ऑफ द टँक्स ऑन द टेरेस ऑफ बोथ विंग्ज' एवढं लिहून झाल्यावर 'इज' आठवायला हवं, कारण वाईट आहे ती अवस्था, टाक्या नव्हेत. मी अशा वेळी वाक्य मनात मराठीत उलटवून घेतो. 'दोन्ही विंगांच्या गच्चीवरच्या टाक्यांची अवस्था' : शेवटी जो शब्द उरला, त्याचं क्रियापद.

'वन ऑफ माय फ्रेंड इज' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य मात्र वेगळ्या वाटेनं बिघडतं. डोक्यात 'माझा एक मित्र' असतो, म्हणून 'फ्रेंड' एकवचनी राहतो. इंग्रजी रचना 'माझ्या मित्रांपैकी एक' अशी आहे. म्हणून 'फ्रेंड्स' अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी.

आता अपॉस्ट्रॉफी. खरा घोटाळा 'एस' या अक्षराचा आहे. नामाला लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन : 'बॉईज प्ले', पण 'बॉय प्लेज'. आणि 'चा-ची-चे'चं कामही तोच करतो. मुळात हे तीन वेगळे प्रत्यय. जुन्या इंग्रजीत दगडाला 'स्टान' म्हणत. अनेक दगड म्हणजे 'स्टानास' आणि दगडाचा म्हणजे 'स्टानेस'. पुढे शेवटचे स्वर झिजले आणि दोन्ही रूपं एकसारखी ऐकू येऊ लागली. क्रियापदाचा 'एस' तर उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आला आणि त्यानं 'कमेथ'सारख्या रूपांतला 'एथ' हटवला. अपॉस्ट्रॉफी १६व्या शतकात फ्रेंचमधून आला, तो गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. षष्ठीची खूण हे काम त्याच्याकडे नंतर आलं.

म्हणून कसोटी मराठीतच घ्या. 'चा-ची-चे' निघत असेल तर अपॉस्ट्रॉफी, नुसतं अनेकवचन असेल तर नाही. तो कुठे लावायचा, हेही मराठीतून कळतं. 'सभासदाची सही' म्हणजे 'मेंबर'स सिग्नेचर', 'सभासदांची सभा' म्हणजे 'मेंबर्स' मीटिंग'. आपला 'दां'वरचा अनुस्वार जे सांगतो, तेच तिथे अपॉस्ट्रॉफीची जागा सांगते. फरक इतकाच की आपला अनुस्वार कानाला कळतो आणि त्यांचा अपॉस्ट्रॉफी फक्त डोळ्यांना. तुम्ही म्हणाल, 'लिस्ट ऑफ मेंबर्स'मध्येही 'सभासदांची' आहेच की! आहे, पण तिथे 'ची'चं काम 'ऑफ'नं उरकलंय. एका नात्याला दोन खुणा नकोत.

राहिला 'इट'स'. इथे माझी कसोटी चालत नाही, कारण 'त्याचे नियम' म्हणताना 'चे' तर निघतोच. सर्वनामांच्या षष्ठीला इंग्रजी अपॉस्ट्रॉफी लावत नाही : 'हिज', 'हर्स', 'अवर्स', तसंच 'इट्स'. तो लावायचा फक्त 'इट इज' किंवा 'इट हॅज' आखडून लिहिताना. 'सोसायटी अँड इट इज रूल्स' असं मोठ्यानं वाचून दाखवा, सचिवांना लगेच पटेल. पण त्यांना फार टोकू नका. १८व्या शतकात चांगले शिकलेले लोकही षष्ठीसाठी 'इट'स' लिहीत. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, 'इट'स इन्स्पेक्शन लॉज' असं आजही अपॉस्ट्रॉफीसकट दिसतं.