सार्वजनिक पाणीपुरवठा आणि स्वच्छतेच्या कामात माणसं आणि वेळ यांचा मेळ कसा घालायचा?

आधी पाणी कोण भरतं ते बघा. बहुतेक ठिकाणी बायका आणि मुली. बैठक त्यांच्या सवडीने घ्या, नाहीतर नळ भलत्याच जागी बसतो आणि भांडणं वर्षानुवर्षं चालतात.

खोदाई पावसाळ्याआधीच उरका. काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं. हे दिवस वेळापत्रकात हमखास राहून जातात.

दुरुस्तीची वर्गणी कोण, कधी गोळा करणार हे पाणी सुरू होण्याआधी ठरवा. नंतर त्यासाठी कुणी बसत नाही.

क्लोरीन तपासायला मात्र दोघांना तयार कराच. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं आणि एकजण आजारी पडला म्हणून तपासणी थांबता कामा नये.