कोलाजेनचं जनुक बिघडलेल्या उंदरांना नेमकं काय होतं? त्यावरून कोलाजेन पावडरबद्दल काही कळतं का?

पावडरचं शेवटी बघू. आधी उंदीर, कारण अमेरिकेत पीएचडी करताना मी हेच उंदीर सांभाळले आणि त्यांच्यापायी प्रोफेसरांशी वाकडं घेतलं.

कोलाजेन या प्रथिनाचे प्रकार २८, त्यामुळे बिघाड कुठला ते महत्त्वाचं. चौथ्या प्रकारातलं कोल४ए३ हे जनुक बंद केलं की काही महिन्यांत उंदराच्या किडन्या जातात. पहिल्या प्रकारातलं कोल१ए१ बंद पडलेलं मोव्ह-१३ नावाच्या उंदराचं पिल्लू तर जन्मालाच येत नाही, गर्भातच त्याच्या रक्तवाहिन्या फुटतात. माझे होते ओआयएम, म्हणजे ठिसूळ हाडांच्या रोगाचे उंदीर. त्यांचा बिघाड कुणी मुद्दाम केलेला नाही, मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत तो आपसूक झाला. त्यावरचा निबंध १९९३ चा.

पहिल्या प्रकारचं कोलाजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. दोन पेड अल्फा-१, एक अल्फा-२. ओआयएममध्ये अल्फा-२ च्या जनुकात शेवटाकडचं डीएनएचं एकच अक्षर गळालंय, एक जी. तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं, पेडाचं टोक भलतंच तयार होतं आणि तो पेड वेणीत घेतलाच जात नाही. मग तिन्ही पेड अल्फा-१ चेच. वेणी होते, पण तिच्यावर बसणारे खनिजाचे स्फटिक बारीक आणि नीट रांगेत नसलेले. हाड ठिसूळ, पाय वाकडे, पाठीला पोक, उंदीर भावंडांपेक्षा लहानखुरा.

हे सगळं मला पाठ होतं. तरी पहिल्याच महिन्यात पिंजरे बदलताना एकाला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं. त्याने पुढच्या पायांनी जाळी घट्ट धरली, मी जरासं ओढलं. बोटांना बारीक टिक् जाणवलं, आवाज असा नाहीच. खाली ठेवल्यावर तो उजवा पुढचा पाय अधांतरी धरून चालायला लागला. प्रोफेसर म्हणाले, हा तुझ्या हाताचा दोष. होताच, नाकारत नाही. पण एक्स-रे काढला तर मागच्या पायात जुनी, मोडून भरून आलेली गाठ दिसली, आणि तो पाय कुणी ओढला नव्हता. त्यानंतर मी त्यांना ओंजळीतच उचलायचो.

खरं भांडण मात्र कंट्रोलवरून, म्हणजे तुलनेला कुठले उंदीर धरायचे यावरून. आईबाप दोन्ही हेट (जनुकाची एकच प्रत बिघडलेले) असले की साधारण पाव पिल्लं वाइल्ड-टाइप (दोन्ही प्रती चांगल्या), अर्धी हेट, पाव होमोझायगस (दोन्ही बिघडलेल्या). वाइल्ड-टाइप पुरेसे जमवायचे तर जोड्या जास्त लावाव्या लागतात, आणि पिंजऱ्याचं भाडं रोजच्या रोज चढतं. प्रोफेसरांचं म्हणणं, हेट धडधाकट दिसतात, तेच कंट्रोल धर. साफ चूक. हेटची हाडं बसल्याजागी मोडत नाहीत एवढंच. फीमर, म्हणजे मांडीचं हाड, दोन टेकूंवर आडवं ठेवून मधोमध दाब दिला की ते वाइल्ड-टाइपच्या आधी मोडतं. हे छापूनही आलेलं होतं, मी निबंध टेबलावर ठेवला होता. अशांना कंट्रोल धरलं की दुबळं हाडच ‘नॉर्मल’ ठरतं आणि कुठलंही सामान्य औषध गुणकारी दिसायला लागतं. मी वाइल्ड-टाइपचा गट वेगळा ठेवला. त्यापायी थिसिस पाच महिने लांबला, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

एक सांगायचं राहिलं. ओआयएममध्ये दोन्ही प्रती बिघडल्या तरच रोग ठळक दिसतो. ठिसूळ हाडांच्या बऱ्याच रुग्णांमध्ये मात्र एकाच प्रतीत ग्लायसीन या अमिनो आम्लाच्या जागी दुसरंच काही बसलेलं असतं आणि तेवढंच पुरतं. त्यासाठी १९९९ मध्ये ब्रिटल नावाचा वेगळा उंदीर मुद्दाम बनवला गेला. तेव्हा माझं सगळं वरचं पुराण थेट माणसाला लावू नका.

आणि हो, पावडर. ती आतड्यात पचून तिचे तुकडे होतात आणि पेशी वेणी घालते ती आपल्या जनुकात लिहिलंय तशीच. ओआयएमच्या उंदराला डबाभर चारली तरी गळालेला जी परत येणार नाही. सुरकुत्यांचं त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

तुम्ही स्वतः या कामात उतरणार असाल तर जिनोटायपिंग (कुठल्या उंदरात कुठल्या प्रती आहेत ते तपासणं) दुसऱ्यावर सोडू नका, एका अक्षराचा फरक साध्या जेलवर दिसत नाही. आणि ‘हेट म्हणजे नॉर्मलच’ असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, त्याच्यासमोर फीमर मोडून दाखवा.